पोथीसारखे वाचलेले पत्रक

आमदारांचे कार्यवृत्त आज दारात आले आणि छपाईच्या शाईच्या वासासरशी शिरोळकडच्या आमच्या गावातील, महापुरानंतरचा देवळाचा चिखलाने माखलेला सभामंडप आठवला. तेथे असेच पत्रक मी लोकांना वाचून दाखवीत होतो. घर वाहून गेलेल्या तानूबाईंनी विचारले, “गुरुजी, आमच्या गल्लीला उंचावर जागा दिल्याचं न्हाय व्हय त्यात?”

“नाही, बाई.”

“भरभर वाचताय की! पोथी वाचताय तसं वाचा, मंजी घावंल.”

मी पुन्हा सावकाश वाचले. जागा कुठेच नव्हती. तेव्हा मला त्यांच्या भोळेपणाची कीव आली होती.

आज तानूबाई नाहीत. गल्ली अजून नदीकाठीच आहे. नव्या पत्रकातही ती सापडली नाही, तेव्हा मी चष्मा पुसला आणि पोथीसारखे, पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचू लागलो.