पाच पायांचं गाढव

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही चूक केलेली नाही, असं मी म्हटलं तर त्याला अतिशयोक्ती म्हणणारा माणूस नक्की परगावचा असणार. आमच्या संभाजीनगरातल्या माणसाची तशी छाती होणार नाही, कारण निम्मं शहर त्यांच्याकडून गणित शिकून गेलंय आणि उरलेल्या निम्म्याला त्यांनी रस्त्यात गाठून शिकवलंय. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, हायस्कूलमधून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही सरच म्हणतो. त्यांच्या लग्नाची गोष्ट माझी मेहुणी, म्हणजे आमच्या अक्का, अजून सांगतात. होमकुंडाचा एक कोपरा काटकोनात नाही हे नवरदेवाच्या लक्षात आलं, आणि भटजींना विटा पुन्हा मांडायला लावल्याशिवाय नवरदेव पाटावर बसले नाहीत. दवाखान्यात गेले की आधी डॉक्टरांच्या भिंतीवरची तसबीर सरळ करतात आणि मग जीभ दाखवतात. एकदा आम्ही दोघं रिक्षातून येत होतो. रिक्षावाल्यानं वळण घेतल्याबरोबर सरांनी त्याच्या खांद्यावर टिचकी मारली. "त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या असतात. मला दोन बाजूंनी का नेतो?" रिक्षावाला मागं न बघता म्हणाला, "चच्चा, तिसरे बाजू में नाला है."

वर्गात त्यांचा एकच लाडका शब्द होता, तो म्हणजे गाढव. उत्तर चुकलं की गाढवा, बरोबर आलं की "गाढवा, मग एवढा वेळ कुठं होतास?" शाबासकी आणि शिव्या यांत त्यांनी शब्दांचा भेद कधी केला नाही. आता त्यांच्यासोबत कुठल्याही कचेरीत गेलं, की एखादा टक्कल पडलेला साहेब खुर्चीतून उठतो, वाकून पाया पडतो आणि हाताखालच्या लोकांसमोर अभिमानानं सांगतो, "मी सरांचा गाढव." माझी कामं अशी बरीच झाली आहेत, त्यामुळे या प्राण्याबद्दल मला आदर आहे.

पण बेंगळुरूच्या नातीपुढे सरांचं हे सगळं राज्य खालसा झालं. मुलगा तिकडे इंजिनियर, सून म्हैसूरची, आणि नात नुकती पहिलीत गेलेली. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. इतर आजोबा अशा वेळी विचारतात, जेवलीस का, शाळेत काय गंमत झाली. आमचे सर विचारायचे, "तुझ्या बसला चाकं किती? मग तशा तीन बसना किती?" पोरगी क्षणात पसार व्हायची, आणि उरलेला कॉलभर आम्हाला त्यांच्या छताचा पंखा दिसायचा. सर त्या पंख्याकडे बघत म्हणायचे, "एक पातं वाकलंय रे." मग एका रविवारी मुलानं चाचरत सांगितलं, "अप्पा, दिवाळीला आम्ही येतोय. पण ती तुमच्याकडं नको म्हणती. म्हैसूरच्या आजीकडंच राहीन म्हणती. तुम्ही परीक्षा घेता, याची भीती वाटती तिला."

त्या संध्याकाळी सर आमच्याकडे आले. भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं होतं, तरी ते उठले नाहीत, तेव्हाच मला काळजी वाटली. चहा निवला. मग म्हणाले, "पाव्हणं, पोरगी भ्यायली मला." मला अतिशय वाईट वाटलं. या माणसाला घाबरण्याची शहराला सवय आहे, पण त्याला स्वतःला त्याचं दुःख होऊ शकतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

वाट अक्कांनी दाखवली. त्या म्हणाल्या, "ती कार्टून बघती ना, त्यातल्या हिरोकडं ढुंकून बघत नाय. हिरोसंग जे जनावर असतंय, त्याच्याशी बोलत बसती. टीव्हीला पापे देती." झालं. सरांनी ठरवलं की आपणही असं एक जनावर काढायचं, आणि दिवाळीपर्यंत त्यानं पोरीला आपल्या घरात आणायचं. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी फूटपट्टी घेऊन टीव्हीपुढे बसू लागले. खारी, कासवं, पोपट, घोडे, एक डुक्करसुद्धा, सगळ्यांची मापं पडद्याला पट्टी लावून घेतली. "डोकं धडाच्या दीडपट, तरी मान मोडत नाय," असं तक्रारीच्या सुरात मला सांगितलं. पण हळूहळू त्यात रमले. "पाव्हणं, एक बघा. हिरोला काम असतं आन् याला भूक असती. हिरो सरळ चालतो, हे पडतं. आन् पडलं तरी लाजत नाय, लगेच उठतं." शेवटचं वाक्य ते पुन्हा एकदा, स्वतःशीच म्हणाले.

कोणता प्राणी घ्यायचा यावर बरीच चर्चा झाली. कुत्रा सगळ्यांनीच काढलेला. वानर चालेल का म्हणून ते दौलताबादला जाऊन आले, तर तिथल्या वानरानं त्यांच्या हातातलं सीताफळ नेलं आणि वर बसून त्यांच्याकडे बघत खाल्लं. "उद्धट आहे," एवढाच शेरा मारून सरांनी वानराला नापास केलं. मग उरलं गाढव. त्यासाठी मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून चितेगावच्या बाजूला एका वीटभट्टीवर नेलं. सरांनी खिशातून पट्टी काढली आणि उभ्या गाढवाचा कान मोजायला सुरुवात केली. भट्टीचा मालक धावत आला. "साहेब, कोणतं खातं?" मी म्हटलं, खातं-बितं काही नाही, सहज. तो म्हणाला, "सहज कोण गाढवाचे कान मोजतंय व्हय? खरं सांगा, नवीन टॅक्स निघाला का?" त्याची समजूत घालण्यात माझी अर्धी दुपार गेली. सर मात्र एका शिंगरापुढे उकिडवे बसून राहिले होते. निघताना म्हणाले, "जन्मभर याच्या नावानं पोरांना हाका मारल्या. पण याच्याकडं नीट बघितलंच नव्हतं. डोळे लई चांगले आहेत हो."

चित्र त्यांनी कंपासनं काढलं. पहिलं गाढव वर्तुळांचं झालं आणि सायकलच्या दुकानासारखं दिसू लागलं. पुढं पुढं हात बसला. कान जमले, डोळे तर फारच जमले. सरांनी त्याला चष्मा घातला, काखेत पुस्तक दिलं, आणि ते चित्र घेऊन आम्ही शहागंजला त्यांच्या लहानपणच्या दोस्ताच्या कापडाच्या दुकानात गेलो. त्या दोस्ताला सगळे मामू म्हणतात. मामूंनी चित्र लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं, आणि म्हणाले, "सर, गधा लई खूबसूरत है. मगर ये तो मेरा इम्तिहान ले रा. इसकू थोडा बेवकूफ बनाव."

"गाढव झालं म्हणून त्याला अक्कल नको व्हय?" सर चिडले.

"बच्ची के वास्ते बना रे ना? अक्कलवाले तो उसके घर में पयलेच भोत हैं."

सरांनी ऐकलं नाही. त्या रविवारी चित्र मोबाईलपुढे धरून, त्याच्याआड लपून, आवाज बदलून गाढव म्हणालं, "सांग पाहू, माझे आणि तुझे मिळून कान किती?" आम्हाला पुन्हा पंखा दिसला. अक्का एवढंच म्हणाल्या, "गाढवाच्या तोंडात तुमचीच जीभ आहे."

पुढच्या रविवारी सरांनी नवं चित्र आणलं. गाढव चालताना दाखवायचं म्हणून मागचा एक पाय पुढं काढला होता, शाई फिरवली होती, सगळं झोकात. चित्र पुढं धरलं. पोरगी उठून निघालीच होती. मग थांबली, परत आली, आणि तिचं नाक पडद्याला टेकलं. "आजोबा, फाइव्ह लेग्ज!"

आम्ही वाकून पाहिलं. खरंच पाच होते. जुना पाय खोडायचा राहून गेला होता. अक्कांनी पदर तोंडाला लावला. मी सरांकडे बघायचं टाळलं, पण कानांच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्याच. मला वाटलं, आता हे सांगणार की ती गती दाखवलेली आहे, किंवा नजरेचा भ्रम आहे. पण चित्राआडून हळूच, अगदी पडेल सुरात गाढव म्हणालं, "व्हय का? मला नाय येत मोजता. तूच मोज की."

ती मोजू लागली. मराठीत, अडखळत, पडद्यावर बोट ठेवून. पाचवर आली आणि इतकी हसली की खुर्चीवरून खाली गेली. पंखा दिसायच्या आत परत वर आली आणि म्हणाली, "आजोबा, याला काहीच येत नाही! मी शिकवू?" सर फक्त मान हलवत राहिले, आणि आपण चित्राआड आहोत, तिला दिसत नाही, हेही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

त्यानंतर त्यांच्यावर नवीनच संकट आलं. दर रविवारी गाढवाला एक चूक करायची होती, आणि यांना चूक सुचेना. ते माझ्याकडे येऊ लागले. "पाव्हणं, तुम्ही सरकारी नोकरीत होता. तुमचा हात चालतो यात. कशा सुचतात हो?" मी हा अपमान मानला नाही. टोपी शेपटीला, चपला कानात, पावसात छत्री उलटी, असं सांगत गेलो. सर ते मन लावून ऐकायचे. चपला कानात घालायला त्यांना फार जड गेलं, पण घातल्या.

दिवाळीला ती आली, आणि आली ती थेट आजोबांच्याच घरी. भाऊबीजेच्या दुपारी आम्ही सगळे तिथं जमलो होतो. सतरंजीवर कागद पसरले होते. नात मास्तरीण झाली होती आणि सर गाढवाच्या आवाजात चुकीची उत्तरं देत होते. "चूक! परत काढा," ती ओरडायची, आणि सर निमूटपणे परत काढायचे. दारात चहाचा कप घेऊन त्यांचा मुलगा उभा होता. तो हुशार होता, पण पैकीच्या पैकी मार्क न मिळालेल्या दिवशी या घरात जेवताना कुणी बोलत नसे, हे मला माहीत आहे. तो बराच वेळ बघत राहिला. मग हसत म्हणाला, पण ते हसणं काही पूर्ण नव्हतं, "अप्पा, माझ्या वेळी कुठं होतं हो हे गाढव?"

सरांनी पेन्सिल थांबवली. वर पाहिलं नाही.

"तवा मला काढता येत नव्हतं रे," ते म्हणाले.

कप खिडकीत ठेवून मुलगा सतरंजीवर बापाशेजारी येऊन बसला. सरांनी पेन्सिलीला टोक केलं, त्याच्या हातात दिली आणि कागद थोडा त्याच्याकडे सरकवला. एक बाजू त्यांनी काढली, एक त्यानं. फारसं चांगलं जमलं नाही ते गाढव. मुलाच्या बाजूचा कान आखूड झाला होता. सरांना तो दिसत होता, त्यांना तो दिसतोय हे मला कळत होतं, आणि ते त्या कानाकडे बघत नुसते बसून राहिले.