बारशाच्या कॅसेटमधला आवाज

हे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. माझा धंदाच असा, की असल्या गोष्टींवर विश्वास बसायला जागा उरत नाही. रोह्याच्या बाजारपेठेत माझा स्टुडिओ आहे. आधी लग्नांचं शूटिंग करायचो, आता लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. टेपमध्ये सावली दिसली, कुणीतरी बोललं, असं सांगणारे अधूनमधून येतात. टेपला बुरशी लागलेली असते, व्हीसीआरचं हेड खराब असतं, नाहीतर एकावर एक रेकॉर्डिंग झालेलं असतं... कारण सापडतंच. आजवर तरी सापडत आलं होतं.

माझी आत्या गडबला राहते, पेण-नागोठणे रस्त्याला. तिचा एकुलता एक मुलगा नीलेश धाटावला कंपनीत होता. पहिल्या शिफ्टला म्हणून घरातून निघाला, तो कंपनीत पोचलाच नाही. बाईक कुंडलिकेच्या पुलावर उभी मिळाली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. घरात भांडण नाही, आजारपण नाही, काही नाही. पार खाडीपर्यंत होड्या फिरल्या. हाती काहीच लागलं नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. आतोबा पोलीस स्टेशनला चकरा मारत राहिले. भावकीतल्या कुणी क्रियेचा विषय काढला की आत्या जेवत्या ताटावरून उठायची. "मेल्याचं करतात ते. माझा मेला नाय," एवढंच म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडचा माळा साफ करताना नीलेशच्या बारशाची कॅसेट सापडली. शूटिंग माझ्या वडिलांनी केलेलं. म्हटलं, आत्याला मोबाईलवर बघता येईल असं करून द्यावं.

दुपारी शटर अर्धं ओढून ट्रान्सफर लावलं. टीव्हीवर गडबचं घर, पाळण्याभोवती बायका, तरणीताठी आत्या हिरव्या साडीत. सगळ्या बोलत होत्या, हसत होत्या. आणि मध्येच, कॅमेऱ्याच्या अगदी मागून आल्यासारखा, एका पुरुषाचा आवाज.

"म्हातारे, पानी दे गो."

शिफ्टवरून आला की दारातच बूट काढत नीलेश हेच म्हणायचा. आईला 'म्हातारे' म्हणणारा घरात तो एकटाच. आणि इथे तर तो पाळण्यात होता, बारा दिवसांचा.

पहिल्यांदा वाटलं, नंतर कुणीतरी यावर आवाज भरला असेल. पण कॅसेटची पाठची प्लास्टिकची चिप तोडलेली होती, म्हणजे त्यावर पुन्हा रेकॉर्ड होतच नाही. कॉम्प्युटरवरची फाइल उघडली. त्या जागी बायकांचा गलका आणि पंख्याची घरघर, बाकी काही नाही. टेप मागे घेऊन परत लावली... आवाज होता. मोबाईलवर रेकॉर्ड करून बघितलं, त्यातही उतरला नाही. टेप चालू असताना, तिथे बसलेल्या माणसाला तेवढा ऐकू यायचा.

आत्याला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण कॅसेट मिळाल्याचं बायको फोनवर बोलून गेली होती. रविवारी आत्या आणि आतोबा एसटीने आले.

"मला फाइल नको. कॅसेट लाव," आत्या म्हणाली.

"टेप खराब झालीय गं..."

"आसू दे. माझ्या पोराची हाय ना? लाव."

लावली. आवाज आला तेव्हा आतोबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आत्या सवयीने पाणी आणायला उठून उभीसुद्धा राहिली होती. मग तिच्या लक्षात आलं, आपण कुठे आहोत ते. खाली बसली.

आत्या म्हणाली, "तहानलाय तो."

आतोबांनी उठून टीव्ही बंद केला.

"मी पानी दिलं नाय म्हनून मागतोय," आत्या म्हणाली. "भटजींना इचारा."

ज्या बाईने एवढी वर्षं ऐकून घेतलं नव्हतं, तिने त्या दुपारी मुलगा गेला असं मान्य केलं. माझ्या स्टुडिओत, माझ्या टीव्हीसमोर.

देह नव्हता, म्हणून दर्भाचा पुतळा करून सगळे विधी केले. कुंडलिकेच्या काठावर आतोबांनी तिलांजली दिली. मुलाचं बापाने करायचं... आम्हाला कुणाला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आत्याने गळ्यातली किल्ली काढली आणि त्यांच्या हातात दिली. नीलेशच्या कपाटाची होती ती. "कपडे वाटून टाका," म्हणाली. पोलीस स्टेशनच्या चकरा त्यानंतर बंद झाल्या.

चौदावं झाल्यावर आत्या पुन्हा रोह्याला आली. या वेळी एकटीच. मला वाटलं, आता टेपमध्ये काही नसेल. खरं सांगायचं तर तशी आशा मलाही होती.

टेप लावली. पाळणा, हिरवी साडी, बायका.

"म्हातारे, पानी दे गो."

तसाच. शब्दाशब्दाला तसाच.

आत्या रडली नाही. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग आता काय करू रे?"

मुंबईच्या एका साऊंडवाल्या मित्राला बोलावून टेप ऐकवली. त्यालाही आवाज ऐकू आला, पण मशीनवर त्याला काहीच दिसेना. चहा अर्धा टाकून तो उठला, आणि त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. नीलेश गेला की आहे, गेला असेल तर कुठे अडकलाय, आणि हे त्या टेपमध्ये कसं... कुणाला कळलं तर मला जरूर सांगा. मला उलगडलेलं नाही.

त्यानंतर कॅसेट आत्या घेऊन गेली. तिच्या घरी व्हीसीआर नाही, म्हणून मला जरा बरं वाटलं होतं. मध्यंतरी गडबला गेलो तेव्हा तिला म्हटलं, "बरं झालं आत्या, आता ऐकायला लागत नाही."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हितं मशीन नाय म्हनून तो मागायचा थांबलाय थोडाच?"