निळ्याच्या आत की बाहेर

माळरानातून चालत आलं की साडीला कुसळं चिकटलेली असतात. दारात उभं राहून झटकली तरी दोन-चार राहतातच. आमच्या कामातले किस्से तसेच आहेत. मी काही मुद्दाम साठवले नाहीत, आपोआप चिकटले!

काम नकाशाचं. उपग्रह वरून फोटो काढतो. ऑफिसात रुचिता कॉम्प्युटरवर त्यातली घरं, झाडं, पाणी वेगवेगळ्या रंगांत रंगवते. जिथं कॉम्प्युटरला कळत नाही, तिथं मी टॅब घेऊन जाते आणि डोळ्यांनी बघून येते. मी सातवी शिकलेली. "हिला कशाला घेतलं?" असं कुणीतरी आमच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, "बायका हिला बघून दार उघडतात. मला बघून कडी लावतात!"

मी मात्र आले एका गोष्टीसाठी. आमचं घर बदलापूरला बेलवलीत, नदीच्या बाजूला, तळमजल्यावर. पोरगी तीन वर्षांची. आभाळ भरून आलं की मी तिला कडेवर घेऊन दारातच उभी राहते. सर पुराचा नकाशा करणार होते, पाणी येऊ शकतं तेवढा भाग निळा. आमचं घर निळ्याच्या आत की बाहेर, एवढंच मला बघायचं होतं.

*

सुरुवातीलाच कॉम्प्युटरनं उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या भर बाजारात तळं दाखवलं. चांगलं मोठं. सर म्हणाले, "जाऊन बघा."

शेअर रिक्षातून उतरले, तर सगळीकडे दुकानंच दुकानं. टॅब म्हणतो, तळं समोरच्या बिल्डिंगवर! धापा टाकत गच्चीवर गेले. तिथं या टोकापासून त्या टोकापर्यंत ओल्या जीन्स वाळत पसरलेल्या. गडद निळ्या.

खालच्या जीन्सच्या कारखान्याचे सेठ मागून आले. मी म्हटलं, "सेठ, वरून फोटोत इथं पाणी दिसतं."

सेठनी एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा पँटींकडे. "भाभी, उसको बोलो, थोडा नीचे आके देखे!"

*

मग मोरिवली. उन्हाचा नकाशा चालू होता. जिथं जास्त तापतं तिथं लाल रंग. कंपन्यांच्या बाजूची पत्र्याची घरं नुसती लालभडक. बायकांना विचारायचं होतं, दुपारी घरात किती त्रास होतो.

एक ताई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. मी टॅब दाखवला. "ताई, हे बघा, उपग्रहाला तुमचं घर लाल दिसतंय. म्हणजे इथं फार गरम होतं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अगं बाई! आणि मी म्हणते, इतकी वर्षं मला घाम कशाचा येतोय!"

मग स्वतःच हसल्या आणि मला थंड पाणी दिलं. सरांना हे सांगितलं. सरांनी तो प्रश्नच यादीतून खोडला.

*

पुराच्या नकाशाला लागलो तेव्हा घरोघर विचारायचं होतं, मागच्या पुरात पाणी कुठवर आलं. मी मोजायची टेप घेऊन तयार. बदलापुरात नदीकाठच्या एका घरात आजींनी लगेच सांगितलं, "कमरेएवढं."

"कुणाच्या कमरेएवढं, आजी?"

"माझ्या."

आतून मुलगा ओरडला, "आई, तू तर वरच्या मजल्यावर चहा पीत होतीस!" मुलगा सहा फुटी. तो म्हणाला, "माझ्या गुडघ्याएवढं होतं." सून म्हणाली, "काही काय! माझ्या छातीला लागलं होतं." शेवटी मी सगळ्यांना भिंतीला उभं केलं आणि एकेकाचं माप घ्यायला लागले. जावई आलेले होते, तेही हौसेनं रांगेत उभे राहिले.

आजी म्हणाल्या, "त्यांचं नको घेऊ गं. पाणी दिसल्याबरोबर ते त्यांच्या आईकडे गेले होते!"

त्या रात्री मी आमच्या भिंतीला पोरीला उभं केलं. दाराच्या निम्म्यापर्यंतसुद्धा येत नाही ती. दुसऱ्या दिवशी रुचिताला विचारलं, "आमचं घर कधी कळेल?"

"ताई, रोज विचारून नदी हलत नाही."

*

बारवी धरणाच्या बाजूला डोंगरातल्या एका पाड्यावर जंगल बघायला ड्रोन नेला होता. एक मावशी माझ्या कानाशी आल्या. "बाय, तुजं इमान वरशी सगलं बगतं ना? मंग माजी शेली कुटं गेली, तेवडं बग की."

सरांना दया आली. ड्रोन वर गेला, घोंघावत झाडांवरून फिरला. त्या आवाजानं बाकीच्या शेळ्यांनी जी धूम ठोकली, त्या थेट टेकडीपार! दिवस मावळेपर्यंत सर, रुचिता आणि मी काट्याकुट्यांतून त्यांच्या मागे.

मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "येक हुडकाया सांगितली, तर हायेत त्या पन घालवल्या!"

हरवलेली शेळी त्यांच्या पडवीतच निजलेली सापडली.

*

शेवटी पावसाळ्याच्या तोंडावर पुराचा नकाशा झाला. सरांनी भिंतीवर लावला. मी बेलवली शोधली, मग आमची गल्ली. निळा रंग शेजारच्या वहिनींच्या घरापर्यंत येऊन थांबलेला. आमचं घर बाहेर! रुचितानं टाळी दिली. सर म्हणाले, "ताई, आता तरी सुखानं झोपा."

घरी येऊन वहिनींना खरं ते सांगितलं. त्यांनी आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीवर हात ठेवला. "म्हणजे पाणी माझ्या मोरीत येणार, आणि तुझी भिंत बघून सॉरी म्हणून परत जाणार?"

संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा मी स्टुलावर उभी होते. तांदळाचा डबा, पोरीचे कपडे, तिची औषधं, सगळं पोटमाळ्यावर चढवत होते.

हे बघतच राहिले. "अगं, आपलं घर निळ्याच्या बाहेर आलं ना?"

"आलं."

"मग हे काय?"

"अहो, आपल्या गल्लीची मापं मीच घेतलीत, लोकांना भिंतीला उभं करून!"