साडेचौदाची कॉलर

अट्रॅक्टा गॅरटी क्लूनबेग गावच्या शाळेत एकतीस वर्षं कारकून होती. तिच्या कचेरीला एक लहानशी खिडकी होती. त्या खिडकीशी कुणीही आलं, की हातातलं काम बाजूला ठेवून ती आधी उभी राहायची. बिशप आला काय आणि चिखलाचे बूट घालून कुणाचा बाप आला काय, तिचं उठणं तेच. हेडमास्तर म्हणायचे, दिवसातून दोनशे वेळा उठतेस, गुडघे जातील एक दिवस. गुडघे खरोखरच गेले. पण खिडकीशी आलेल्या माणसाला बसून उत्तर देणं तिला जन्मात जमलं नाही.

गावच्या मुख्य रस्त्यावर तिचा जीव होता. बेकरी, चांभार, औषधवाला, टॅन्झींचं कापडाचं दुकान. बायपासवर मोठं दुकान येणार अशी बातमी आली, तेव्हा तीच दुखऱ्या गुडघ्यांनी दारोदार फिरली आणि विरोधाच्या चारशे बारा सह्या घेऊन कौन्सिलपुढे उभी राहिली. दुकान यायचं ते आलंच. पण पुढची सहा वर्षं अट्रॅक्टाने त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही.

सगळ्यात जास्त ती टॅन्झींसाठी भांडायची. म्हातारे टॅन्झी होते तोवर गावातल्या प्रत्येक पुरुषाचं माप त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्यामागे मुलगा फिन्टन गल्ल्यावर बसला आणि दुकानाची हवाच पालटली. फिन्टन समोर घोड्यांच्या शर्यतींचं पान उघडून बसायचा. माप विचारलं तर म्हणायचा, बाहेर टांगलंय तेवढंच आहे. घालून बघू का म्हटलं तर म्हणायचा, घेणार असाल तर काढतो. पहिल्याच धुण्यात अट्रॅक्टाच्या स्वेटरची बटणं गळाली, तेव्हा त्याने पेपरातून डोकंही वर केलं नाही. धुतलंत कसं, एवढंच विचारलं.

तरी ती त्याचीच बाजू घ्यायची. बापाचं नाव सांभाळायचं ओझं आहे पोरावर, म्हणायची. तिचा नवरा मॅलकी हसायचा. "अगं, आपण गिऱ्हाईक आहोत की त्याच्या घरी मागायला गेलोय?"

मॅलकीने आयुष्यभर पीटच्या रानात, जळणासाठी दलदलीतली माती कापायचं यंत्र चालवलं. मान बैलासारखी, कॉलर साडेसतरा इंचांची. घरात असला तरी रविवारी शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय जेवायला बसायचा नाही. पोटाच्या आजाराने त्याला वर्षभर आतून खाल्लं आणि मार्चमधल्या एका मंगळवारी पहाटे तो गेला.

अंत्यविधीवाल्याने संध्याकाळपर्यंत कपडे आणून द्यायला सांगितले. सूट होता, तो आतून टाचून भागणार होता. पण शर्टाच्या गळ्यात मॅलकीची मान काठीसारखी दिसत होती. अट्रॅक्टाने स्वतः टेप घेऊन माप घेतलं. साडेचौदा. दुसऱ्या कुठल्या दुकानाचं नाव तिच्या मनातही आलं नाही.

ती टॅन्झींकडे पोचली तेव्हा सव्वापाच झाले होते. फिन्टन फोनवर कुणाशी तरी मॅचबद्दल बोलत होता. त्याने एक बोट वर केलं आणि बोलत राहिला. बसायला खुर्ची नव्हती. ती काउंटरला धरून उभी राहिली. मागच्या खोलीत नूला विजारींचे काठ शिवत होती. बावीस वर्षं ती तिथेच बसून शिवत होती. तिने दारातून अट्रॅक्टाकडे पाहिलं आणि मान हलवली.

फोन संपल्यावर अट्रॅक्टा म्हणाली, "पांढरा शर्ट हवाय, फिन्टन. कॉलर साडेचौदा."

"पुरुषांत साडेपंधराच्या खाली नाही ठेवत मी. कुणासाठी?"

"मॅलकीसाठी."

बातमी सकाळीच गावभर झाली होती. "हं, ऐकलं. वाईट झालं," फिन्टन म्हणाला. मग त्याने मागच्या फळीवरून एक पुडकं ओढलं. "सोळाचा न्या की. ती अंत्यविधीची माणसं मागून टाचणी लावतात. पेटीत कोण कॉलर बघतंय?"

आत एखादा लहान असेल, बघतोस का, असं तिने विचारलं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि खिशातून किल्ल्या काढल्या. साडेपाचला बंद करतो, म्हणाला. मागच्या खोलीत नूलाने मान खाली घातली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

शेजारची डिम्फ्ना बाहेर गाडीत थांबली होती. अट्रॅक्टाचे रिकामे हात आणि चेहरा बघून तिने काही विचारलं नाही, सरळ बायपासवर नेलं. तिथे पोचल्यावरही अट्रॅक्टा पाच मिनिटं गाडीतून उतरली नाही.

आत पुरुषांच्या कपड्यांपाशी चाळिशीची एक लिथुआनियाची बाई होती, डाइवा नावाची. तिने नाव विचारलं, काय हवंय आणि कुणासाठी ते ऐकलं आणि कुठूनतरी आधी खुर्ची आणली. साडेचौदा तिच्याकडेही नव्हता. पंधराचा सापडला. तो हातात धरून तिने हळूच विचारलं, "वरचं बटण लावायचे का ते, मिसेस गॅरटी?"

"नेहमी."

"मग बटण अर्धा इंच सरकवते. नीट बसेल." आणि तिथेच उभ्याने तिने बटण उसवून पुन्हा शिवलं, घडीच्या रेघा इस्त्रीने मोडल्या, शर्ट हँगरला लावून दिला.

त्या दिवसभरात अट्रॅक्टा तिथे पहिल्यांदा रडली. ज्या दुकानाविरुद्ध आपण चारशे बारा सह्या गोळा केल्या, त्याच दुकानात बसून रडतोय, याची तिला चीड आली आणि ती आणखीच रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून माणसं घरी भेटायला यायला लागली. फिन्टनही आला. रीतीप्रमाणे त्याने तिचा हात हातात घेतला, उघड्या शवपेटीपाशी उभं राहून छातीवर क्रॉस काढला, मॅलकीकडे नीट बघितलं. मग चहाचा कप घेऊन तिच्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "देखणा दिसतोय. बघा, कुठे कळतंय टाचणी लावल्याचं?"

तिने त्याच्या कपात दूध ओतलं.

पुढे तिने बोभाटा केला नाही. फक्त जायचं बंद केलं. बोलली ती डिम्फ्ना. आणि मग गावात ज्याच्या-त्याच्या पोटात दडलेलं एकेक बाहेर आलं. कुणाच्या मुलीला लग्नाच्या आधी आठ दिवस माप चुकलं म्हणून हिणवलं होतं, कुणाच्या म्हाताऱ्या आईला दारातूनच परत लावलं होतं. इतकी वर्षं आपल्या गावचा आहे म्हणून सगळ्यांनी गिळलं होतं.

तीन वर्षांनी फिन्टन तिच्या दारात उभा राहिला, हातात कागद घेऊन. कौन्सिलने कर कमी करावा, नाही तर दुकान बंद पडेल, असा अर्ज होता. तुम्ही सही केलीत की गाव करेल, म्हणाला. तिने त्याला आत बोलावलं नाही.

"मी तीन वर्षं का आले नाही, कधी मनात आलं तुझ्या?"

"बायपासवर स्वस्त मिळतं म्हणून. सगळ्यांचं तेच आहे."

तिने त्या दिवशीचं सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता, तेच तिला जास्त लागलं.

"मी असं म्हणालो? आठवत नाही हो. म्हणालो असेन घाईत."

तिने दार लावून घेतलं.

दुकान ऑक्टोबरात बंद झालं. काचेवर फिन्टनने कागद चिकटवला: साथ देणाऱ्यांचे आभार, बाकीच्यांनी बायपासवर सुखी राहावं. टॅन्झींकडे येणारी माणसंच जाता जाता पाव घ्यायची, त्यामुळे वसंतात बेकरी गेली. मग चांभार गेला. अट्रॅक्टा औषधं आणायला जायची तेव्हा त्या रस्त्यावर तिला भेटणारं कुणी उरलं नव्हतं. डाइवाही कुठल्याशा शहरात निघून गेली होती आणि त्या मोठ्या दुकानात आता आपलं आपण सामान यंत्रासमोर धरून पैसे भरायचे होते.

एकदा ती कोटाचा काठ शिवून घ्यायला नूलाच्या घरी गेली. बासष्टाव्या वर्षी नूलाला कुणी काम देत नव्हतं. तिने कोट घेतला, उलटून बघितला आणि मान वर न करता म्हणाली, "सही केली असतीस तर मला अजून एक हिवाळा मिळाला असता."

"तू तिथेच होतीस, नूला. ऐकलंस सगळं."

"ऐकलं. रोजच ऐकायचे. सांगायचं कुणाला? मालक तो." तिने कोट गुडघ्यावर पसरला. "तुला दुसरं दुकान मिळालं, अट्रॅक्टा. मला नाही मिळालं."

अट्रॅक्टा उभीच होती, नूलाने बसायला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी नूलाने कोट डिम्फ्नाकडे ठेवून दिला. टाके बारीक, एकसारखे. अट्रॅक्टा तो घालून रविवारी चर्चला गेली. नूला दोन बाकं पुढे बसली होती. प्रार्थना संपल्यावर ती बाजूच्या दाराने निघून गेली.