बैलाचा खासगीपणा

आमच्या घरी वर्तमानपत्र कधीमधी यायचं, पत्रकं मात्र रोज. बाबा धरणाच्या पाण्यासाठी, जंगलाच्या हक्कांसाठी, एसटीच्या बंद पडलेल्या फेरीसाठी पत्रकं काढायचे. मी वाचायला शिकले तीच ‘बंधू-भगिनींनो’पासून. त्यामुळे अन्याय दिसला की मला रडू येत नाही, मजकूर सुचतो.

मुरबाडला मी ज्या संस्थेत काम करते, ती जनावरांच्या लसीकरणाचे दाखले देते. तिथे शेतकऱ्यांचे आधार क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर खुशाल फिरताना दिसले, तेव्हा मला मजकूर सुचला. ‘आमचे आकडे चव्हाट्यावर का?’ असं पत्रक लिहून मी ते आमच्याच ऑफिसच्या दारावर चिकटवलं. आमचे सर तसे कुणाला घाबरत नाहीत, पण छापील कागदाला घाबरतात. त्यांनी ते चप्पल काढता काढता वाचलं आणि एकच चप्पल घालून आत आले.

पुढच्याच महिन्यात नवा ब्राउझर आला. आमच्या नोंदी लांब कुठल्यातरी सर्व्हरवर असतात, त्या आता फक्त या ब्राउझरमधूनच उघडायच्या. तुम्ही काय कॉपी करता, काय उतरवून घेता, काय छापता, यावर त्याची नजर. आधार क्रमांक दिसला की तो हात धरतो. पहिल्याच दिवशी सरांनी सवयीने कुणाचा तरी क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला घेतला आणि लाल पट्टी झळकली : ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती. कृती रोखली आहे.’ मी ऑफिसात पेढे वाटले. सरांनीही घेतला.

म्हसा गावात भरणाऱ्या जनावरांच्या जत्रेच्या तोंडावर एका दुपारी सिद्धगडाखालच्या पाड्यावरचे एक म्हातारे मामा बैल घेऊन आले. बैल बाहेर आंब्याला बांधला आणि खुर्चीत न बसता दाराशी उकिडवे बसले. या बैलाचा जोडीदार गेला होता, मुलगा शहापूरकडे गोडाऊनला लागला होता आणि एकट्या बैलाला घरी काम नव्हतं. शहापूरचाच एक शेतकरी, त्याचाही बैल असाच एकटा राहिलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी जत्रेत बघायला येणार होता. ती वेळ हुकली की मग उरले दलाल.

“दलालाला नाय देनार,” मामा म्हणाले. “टेम्पोत चढवला का तो बैल नाय राहत गो, निस्ता वजन होतो.”

लसीकरणाचा छापील दाखला नसेल तर जनावर जत्रेच्या मैदानात सोडत नाहीत. बैलाला लस दिलेली होती, नोंद समोर उघडी होती. नव्या ब्राउझरमधून छापायचा हा पहिलाच दाखला. मी प्रिंटचं बटण दाबलं. लाल पट्टी.

बैलाच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात. आधार क्रमांकातही बाराच. ब्राउझरला शिंगं दिसत नाहीत.

“हाताने लिहून दे,” सर म्हणाले.

“गेटवर हाताने लिहिलेले घेत नाहीत, सर. मागे खोटे निघाले होते.”

“मग मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढ,” सर हळू आवाजात म्हणाले.

“सर, यालाच माहितीची गळती म्हणतात. पत्रकात तिसरा मुद्दा.”

“तुझ्या पत्रकात बैल होता का?”

नव्हता.

“काय झाला गो?” मामांनी विचारलं.

“मामा, कॉम्प्युटरला वाटतंय हा माणूस आहे.”

मामांनी मान वळवून आंब्याखाली बघितलं. “सभाव हाय तसा. पन कागूद दे.”

नियमातून सूट मागायची तर एका चौकटीत कारण लिहायचं होतं, दोनशे अक्षरांत. पाठपोट मजकुराशिवाय मी आजवर साधी रजासुद्धा मागितलेली नाही. ‘बंधू-भगिनींनो’ खोडलं, ‘या व्यवस्थेचा आम्ही जाहीर निषेध’ खोडलं. उरलं ते असं : ‘सदर क्रमांक बैलाचा आहे. बैलाला खासगीपणाचा हक्क असावा की नसावा, हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. उद्या जत्रा आहे.’

ठाण्याहून ब्राउझरचं काम बघणाऱ्या बाईंचा लगेच फोन आला. “मॅडम, मला इथे फक्त आकडे दिसतात. हा माणूस नाही, हे कशावरून?”

मी स्पीकर चालू करून फोन मामांपुढे धरला.

“बाय, त्याला शेपूट हाय,” मामा म्हणाले.

मग बाई म्हणाल्या, नियम बदलायला मोठे साहेब लागतात आणि ते रजेवर आहेत. पण क्रमांक झाकून छापता येईल, शेवटचे चार आकडे तेवढे दिसतील. दाखला निघाला : बैल, रंग पांढरा, शिंगं आत वळलेली, क्रमांकाच्या जागी आठ फुल्या आणि चार आकडे.

सकाळी मीही म्हशाला गेले. भांडण माझं होतं, मामांना एकटं कसं पाठवणार?

“हे काय? आकडे कुठायत?” गेटवरच्या माणसाने विचारलं.

मी खासगीपणाच्या हक्काची पार्श्वभूमी सांगायला घेतली. मागे जनावरांची रांग लांबत चालली.

“ताई, भाषान जत्रंनंतर ठेवा,” मागून कुणीतरी म्हणालं. “आमी शेनात उभं हाव.”

गेटवाल्याने बैलाचा कान धरून शेवटचे चार आकडे ताडून पाहिले, शिंगं बघितली. “सोडा. मालकाचं आधार?”

मामांनी खिशातून घडी घातलेली झेरॉक्स काढली. गेटवाल्याने त्यांचा क्रमांक सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचला आणि कागद बिस्किटांच्या उघड्या खोक्यात टाकला. खोक्यात तसले पुष्कळ होते. वारा आला, वरचे दोन-तीन उडाले, मामांचाही. बैलाने सावकाश पाय उचलला आणि नेमका त्यावर ठेवला. सकाळपासून त्या क्रमांकाची एवढी काळजी दुसऱ्या कुणी घेतली नव्हती.

मी उडालेले कागद गोळा केले, खोक्याची झाकणं मिटवली आणि वर दगड ठेवला. गेटवाल्याने दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि दगड तसाच राहू दिला. आजवरच्या माझ्या चळवळींपैकी एवढ्या झटपट दुसरी कुठलीच यशस्वी झालेली नाही.

शहापूरचा शेतकरी थांबला होता. त्याने बैलाच्या वशिंडावर हात फिरवला, खूर बघितले, मग दोघं बाजूला बसून बराच वेळ आपापल्या गेलेल्या बैलांबद्दल बोलत राहिले. शेवटी मामांनी दावं त्याच्या हातात दिलं आणि त्यावर दाखला ठेवला.

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. “ह्या फुल्या कसल्या, मामा?”

“त्याचा खासगी हाय ता,” मामा म्हणाले. “तू नको इचारू. कामाला कसा हाय ता इचार.”