आधी टोपी, मग गप्पा!

मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात. रिकामी खोकी आणि किस्से. दोन्ही कोणी मुद्दाम आणत नाही आणि टाकवत तर मुळीच नाहीत. कुठे जायचं ठरलं की माळ्यावरून खोकी खाली येतात आणि त्यांच्यामागे किस्से. यंदा तर किस्सेच जास्त निघाले!

झालं असं. माझी सून वैदेही अल खौदच्या विद्यापीठात माशांच्या रोगांवर काम करते. तिला दोन वर्षांसाठी नॉर्वेहून बोलावणं आलं. मी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं, "माझी सून माशांची डॉक्टर आहे, आता परदेशी मासे तपासणार!" आमच्या खालच्या मजल्यावरचे युसूफभाई दापोलीकडचे, त्यांचा माशांचा धंदा. ते म्हणाले, "वैनी, आमच्याकडे येतो तो मासा डॉक्टरच्या पलीकडे गेलेला असतो!"

सगळे हसले. माझा मुलगा प्रशांत सोडून.

*

प्रशांतला इराची काळजी. इरा म्हणजे माझी नात, चार वर्षांची. मस्कतमध्ये जन्मलेली, त्यामुळे थंडी तिने फक्त एसीची बघितलेली. पायात मोजे घातले की दोन मिनिटांत काढून फेकणार. आणि परक्या माणसासमोर तोंड उघडायचं नाही म्हणजे नाही! नर्सरीच्या टीचरने वर्षभरात तिचा आवाज ऐकला नव्हता.

"आई, तिथे मायनस पंधरा असतं," प्रशांत म्हणाला. "वैदेहीला नाही म्हणून कळवू दे."

वैदेहीने जेवण अर्धंच टाकलं. ताट उचलून आत गेली. तिचं ते उठून जाणं मला झोंबलं. मी चौथीतून शाळा सोडली ती घरच्यांनी सोडवली म्हणून. पुढचं सगळं मी इथे रुवीत डब्यांवरची लेबलं आणि दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. माझ्या घरात पुन्हा कोणा बाईला 'आता पुरे' असं कोणी म्हणायचं नाही!

"प्रशांत," मी म्हटलं, "एसी बंद पडायचा तेव्हा तुला मी प्लस पन्नासात वाढवलाय. ती पोरीला मायनस पंधरात वाढवेल. आकडा तर कमीच आहे!"

"आई, ते तसं नसतं गं."

"कसं असतं ते मी बघते. इराला मी तयार करते. झाली तर जायचं. आणि पहिले तीन महिने मीही येणार, व्हिजिटवर."

"आणि नाही झाली तयार तर?"

"तर मी गावाला जाते आणि तोंड दाखवत नाही!"

तोंडातून निघून गेलं. मग काय, माघार घेणं आमच्या रक्तात नाही.

*

पहिलं काम कानटोपी. ऐन जूनमध्ये लोकर शोधत मी रुवी पालथी घातली. एका दुकानदाराने विचारलं, "अम्मा, इस गर्मी में ऊन? किसके लिए?" मी म्हटलं, "जो पूछेगा उसके लिए!" त्याने निमूटपणे मरून रंगाची लोकर काढून दिली.

विणकाम मी फोनवरचे व्हिडिओ बघून शिकले. पहिली टोपी झाली आणि इराच्या डोक्यावर ठेवली, तर ती थेट खांद्यापर्यंत आली! आत पोरगी सापडेना. मग प्रशांतला घालून बघितली. त्यालाही ढगळ. "आई, मी हे घालून कुठेही जाणार नाही," तो म्हणाला.

इराला दुसरी विणली, ती नीट बसली. पहिली मात्र मी पिशवीतच ठेवली. विणलेली वस्तू वाया जात नसते. तिचं डोकं कुठेतरी असतंच!

*

आता थंडी कुठून आणायची? युसूफभाईंकडून! त्यांच्या गोदामात माशांची कोल्ड रूम आहे. मी म्हटलं, "भाई, माझ्या नातीला रोज थोडी थंडी द्या." त्यांनी आधी हातातली पापलेटं खाली ठेवली. मग म्हणाले, "द्या काय वैनी, घेऊन जा. पण दार मी स्वतः धरून उभा राहणार."

पहिल्या दिवशी इरा आत गेली आणि किंचाळत बाहेर आली. दुसऱ्या दिवशी मी नियम केला. आत आपण माशांशी गप्पा मारायच्या, पण आधी टोपी, मग गप्पा! टोपी नाही, तर सुरमईशी एक शब्द बोलायचा नाही. पोरीला परक्या माणसांचं वावडं, माशांचं नाही. चार दिवसांत ती कोट, मोजे, टोपी चढवून आत उभी राहून "हॅलो पापलेट, हॅलो हलवा," करायला लागली. गोदामातले कामगार म्हणायचे, "यल्ला, मॅडम आ गई!" यल्ला म्हणजे अरबीत 'चला'.

एके दिवशी प्रशांत तपासणीला आला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चपला. "बघू दे किती थंडी आहे ती," म्हणत आत गेला आणि पाठ फिरवायच्या आत दात वाजवत बाहेर.

इराने त्याच्याकडे नीट बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, बाबा इज नॉट रेडी!"

*

गोदामात जाता-येता टॅक्सी. बाहेर ऊन आग ओकतंय आणि आम्ही दोघी कोट हातात घेऊन उभ्या. एकदा एका म्हाताऱ्या ओमानी ड्रायव्हरने विचारलं, "अम्मा, ये कोट किसका? बच्चा बीमार?"

"बीमार नहीं. ठंडी का प्रॅक्टिस करता."

"ठंडी किधर है मस्कत में?"

"मछलीवाले के पास!"

तो इतका हसला, की गाडी बाजूला घ्यावी लागली. मग "मैं भी मदद करता!" म्हणून त्याने एसी फुल्ल केला. थोड्या वेळाने स्वतःच शिंकायला लागला. इराने मला खाली ओढलं आणि कुजबुजली, "आजी, अंकलकडे कॅप नाही."

"मग सांग त्याला."

मान हलवली. नाही. थंडी जिंकली होती, पण तोंडाचं कुलूप तसंच होतं.

*

तिकडच्या बालवाडीच्या बाईंशी व्हिडिओवर बोलणं झालं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे लहान मुलं दुपारची बाहेर झोपतात, हिवाळ्यातसुद्धा. प्रशांतचा चेहरा पांढरा. "बाहेर? बर्फात?"

मी म्हटलं, "त्यात काय! तुझे बाबा आणि मी इथे नवीन आलो तेव्हा गच्चीवरच झोपायचो. आम्ही उकाड्यात, इरा थंडीत. झोप तीच!"

वैदेहीने ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाल्या, ग्रँडमदर नक्की येऊ देत.

पण फोन ठेवल्यावर प्रशांत खाली मान घालून म्हणाला, "आई, थंडीचं मानलं तुला. पण तिकडे हिचं पोट दुखलं, कोणी ढकललं, तर ही सांगणार कोणाला? एका तरी परक्या माणसाशी बोलून दाखवू दे. मग मी तिकिटं काढतो."

तो बरोबर बोलत होता. बाप होता शेवटी.

*

बिल्डिंगने मात्र आम्ही निघालोच असं धरलं आणि पार्सलं सुरू झाली. आमच्या लोकांची रीतच आहे. कोणी गावाला निघालं, की अख्खी बिल्डिंग त्याच्या हाती काहीतरी पाठवते. युसूफभाईंच्या बायकोने, शकीलाने, सुकटीची भलीमोठी पिशवी आणली. "भाचा लंडनला आहे, त्याला द्या."

"अगं शकीला, आम्ही नॉर्वेला चाललोय!"

"मग काय झालं? तिथून लंडन म्हणजे रुवीहून इब्रा गावाइतकंच लांब असेल की."

"बाई, हे विमान आहे, एसटी नाही!"

"म्हणून तर देते! एसटीत सुकटीचा वास येतो."

*

तिकिटं अडली होती, पण व्हिसाचा अर्ज वेळेत द्यायचाच होता; त्या ऑफिसात गेलो तो दिवस. आत एसी असा, की युसूफभाईंचे मासे तिथे आरामात टिकले असते. काचेमागे एक उंच गोरा साहेब, डोक्यावर एक केस नाही, नाक लाल, सारखा हात चोळत होता. कागद बघितले, मला बघितलं. "ग्रँडमदर का जाते आहे?" वैदेही सांगायला लागली. त्याने तिला थांबवलं आणि वाकून इराला इंग्रजीत विचारलं, "तुझं नाव काय?"

इरा गप्प. त्याने पुन्हा विचारलं. गप्प. प्रशांतने माझ्याकडे बघितलं. वैदेही जमिनीकडे बघत होती. मी मनातल्या मनात गावच्या घराला झाडू मारायला घेतला.

तेवढ्यात साहेब शिंकला.

इराने माझी पिशवी उघडली. तळातून ती मरून टोपी काढली, खुर्चीवर चढली, आणि काचेखालच्या फटीतून टोपी आत सरकवली.

"यल्ला," ती मोठ्याने म्हणाली. अख्ख्या ऑफिसला ऐकू गेलं! "आधी टोपी, मग गप्पा!"

साहेबाने वैदेहीला विचारलं, काय म्हणते? वैदेहीने सांगितलं. त्याने टोपी उलटसुलट करून बघितली. मग त्याने ती घातली. कानापर्यंत. अगदी मापाची!

आणि इरा सुटली. स्वतःचं नाव, आजीचं नाव, सुरमई, पापलेट, टॅक्सीवाले अंकल, बाबा इज नॉट रेडी, सगळं! मागची रांग खोळंबली, पण कोणी हूं की चूं केलं नाही.

पुढे पासपोर्ट परत आले. चारही, व्हिसासकट.

टोपी काही आली नाही.