कुंकवाखालचा आकडा

आमच्या घरातला कॉम्प्युटर जुना आहे आणि तो निम्मा विजेवर, निम्मा माझ्या शिव्यांवर चालतो. चादरी-टॉवेलांची डिझाइनं काढून कारखान्यांना द्यायची, हे माझं काम. पुढच्या खोलीत बसून करते, कारण आईला एकटं ठेवता येत नाही. तिला विसर पडत चाललाय. एकदा मी बाजारातून येईपर्यंत ती जेवणाचा डबा घेऊन कारखान्यात मागाच्या सुताच्या कांड्या भरायला निघाली. तिचा कारखाना केव्हाच बंद पडलाय. भर उन्हात त्याच्या कुलूपबंद फाटकापाशी उभी होती, उघडत का न्हाईत म्हणून चिडलेली.

माझं बरंचसं काम ज्या कारखान्याचं, त्याच्या मालकांचा परवा फोन आला. नव्या डिझाइनच्या फायली जड झाल्यात, तुमच्या मशीनवर उघडायच्या नाहीत, सोमवारपासून आमच्या ऑफिसात येऊन बसा, असं ते म्हणाले. माणूस भला आहे. भल्या माणसावर धड रागावताही येत नाही. मी म्हटलं, थांबा, ग्राफिक्स कार्ड बसवून घेते, घरूनच करते.

दुरुस्तीवाले कार्ड घेऊन आले. ओळखीचे, केस पिकलेले, कधीच घाई न करणारे. आधी पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे ते बघू म्हणाले. नवं कार्ड करंट जास्त ओढतं, तो त्याला पेलला पाहिजे, नाहीतर सगळंच बंद पडायचं. आकडा आत त्याच्या पेटीवरच्या स्टिकरवर असतो. त्यांनी कॉम्प्युटरची बाजू उघडली आणि मला जवळ बोलावलं.

स्टिकरवर कुंकू होतं. टेकवलेलं बोट नव्हे, चांगलं तळहाताएवढं स्वस्तिक, त्यावर हळद, त्यावर पुन्हा कुंकू.

हे आईचं काम. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते, आणि यंत्राला कुंकू कुठं लावायचं याबद्दल तिचं मत ठाम. मागावर ती मोटारीला लावायची. वरनं लावलेलं माणसांना दिसतंय, यंत्राला लागत न्हाय, असं म्हणायची. त्यामुळे कॉम्प्युटर आला त्या वर्षापासून वायर काढून तो उघडायचा, करंट आत येतो ती पेटी मी ओल्या फडक्यानं पुसायची आणि आईनं तिच्यावर स्वस्तिक काढायचं, असा आमचा शिरस्ता. हल्ली तिची खंडेनवमी उन्हाळ्यातही येते. मी मुकाट्यानं उघडून देते. तेवढा वेळ ती माझी जुनी आई असते.

पुसू का, असं दुरुस्तीवाल्यांनी विचारलं. मीच पुसायला घेतलं. आई कॉटवरून बघत होती. कुंकू निघालं, हळद निघाली आणि खाली स्टिकर पांढराफटक. इतकी वर्षं घासून घासून मीच आकडा घालवला होता. एका कोपऱ्यात एक शून्य तेवढं शिल्लक राहिलं होतं. ते तीनशेतलं की पाचशेतलं, देव जाणे. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू आलं.

मशीन सेकंडहँड, कागद कसलेच नाहीत. नवा पॉवर सप्लाय घालावा तर या मॉडेलमध्ये बाजारातला बसत नाही, मापच वेगळं. त्यांनी पेटी सगळ्या बाजूंनी बघितली, मोबाईलवर शोधलं, शेवटी हात पुसले.

"ताई, लावून बघू. पेललं तर पेललं. मला पन कळंना झालंय."

कार्ड लागलं. पडदा उजळला. मालकांनी पाठवलेली फाइल मी उघडली आणि चादरीच्या काठावरची फुलं एकेक करून रंगात आली. सोमवार टळला, असं मला खरंच वाटलं. मग मी डिझाइन मोठं करायला गेले आणि सगळं एकदम काळं झालं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. नाही पेलत, असं म्हणून त्यांनी कार्ड काढलं आणि पिशवीत ठेवलं. ते निघून गेल्यावरही मी त्या काळ्या पडद्यासमोर बसून होते.

आई उठून माझ्याजवळ आली.

"लाईट गेली व्हय?"

डोक्यावर पंखा फिरत होता.

"व्हय आई, गेली."

"यील की. आल्यावर कर काम." तिनं स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसून लाईटची वाट बघायला लागली.

मीही बसून राहिले. सोमवारी जाताना दाराला बाहेरून कुलूप घालावं लागणार होतं, आणि ती आतल्या बाजूला उभी राहून विचारणार होती, उघडत का न्हाईत.